भिंतीवरची जागा

आटपाडी
२ एप्रिल २०२४

सारिका,

पाकिटावर तुझ्या नावामागे सौ. लिहावं की काय लिहावं, या विचारात हे पत्र उशाखाली पडून राहिलं. शेवटी नुसतं नाव लिहिलं. मी बनुबाई, तुझी सासू. काडीमोड धनाजीने दिला, मी दिलेला नाही.

आत फोटो आहे तो तुझ्या ईश्वरीचा. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, तिला काठी देऊन राखणीला बसवलं. पाखरू एक आलं नाही, तरी कुरडया कमी झाल्या. तोंड बघ म्हणजे चोर सापडेल. कोपऱ्यात काळं दिसतं तो माझा अंगठा.

फोटो मी स्वतः काढला. बाजारातल्या स्टुडिओवाल्या मोहसीनने त्याचा जुना फोन दिलाय, त्यात सिम नाही. तो म्हणाला, “काकी, कागद कशाला? मोबाइलवर पाठिवतो की वहिनीस्नी.” मी नको म्हटलं. तुझा फोन जोतीराम चाळतो, मला माहीत आहे. भाऊ आहे की फौजदार? आणि मोहसीनच्या नंबरावरून तुला काही गेलेलं धनाजीच्या कानावर आलं, तर तो त्या पोराला बाजारात उभं राहू देणार नाही. त्यापेक्षा पोस्ट बरं. तू साडीच्या दुकानात लागलीस असं उंब्रजच्या एका पाहुणीकडून कळलं, म्हणून तिथल्या पत्त्यावर टाकते.

भावकीच्या बैठकीत तू सही केलीस, की पोरीला भेटणार नाही, फोन करणार नाही. तो कागद मी पुन्हा काढून वाचला. फोटोबद्दल त्यात एक अक्षर नाही. उत्तर मोहसीनच्या स्टुडिओवर लिही.

बनुबाई


उंब्रज
८ एप्रिल २०२४

तीर्थरूप आत्या,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

उद्या पाडवा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मालकांनी पाकीट हातात दिलं आणि मी साड्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मारू दे म्हटलं.

आत्या, मी तिला पटकन ओळखलं नाही. मी निघाले तेव्हा ती अडीच वर्षांची होती, माझ्या डोळ्यांपुढे अजून तीच धावते. ही पोरगी कोणाची, असं आधी मनात आलं. मग हनुवटी बघितली आणि खाली बसले. आईला आपलं लेकरू ओळखायला वेळ लागावा, याच्यापेक्षा वाईट काय असतं?

बाळंतपणात माझी पिशवी काढली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हे एकच. तुमच्या लेकाला मुलगा हवा होता. माझा भाऊ म्हणाला, “तुला सांभाळीन, पोरगी तिकडंच ऱ्हाऊ दे.” त्या दोघांच्या मध्ये बसून मी सही केली. ती झोपली होती तेव्हा मी निघून आले.

अजून फोटो पाठवा. वाढदिवसाचे, नटवलेले नकोत. आंबा खाताना, न्हाताना, रुसून बसलेली, दुपारची झोपलेली असे पाठवा. मी जे बघू शकत नाही तेच मला बघायचं आहे.

आणि एक विचारते, खरं सांगा. तिला मी आठवते का?

तुमची सारिका


आटपाडी
१६ एप्रिल २०२४

सारिका,

तीन फोटो पाठवते. पहिला हौदात बसलेली. पाणी गुरांचं आहे, पण म्हशीची हरकत नव्हती. दुसरा भर उन्हात पन्हं पिताना, डोळे मिटलेत ते आंबटाने. तिसरा झोपलेली. तिला माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची सवय आहे, त्यामुळे मला तासभर लुगडं सोडून हलता येत नाही. फोटो एका हाताने काढला, म्हणून तिरका.

तू खरं सांगा म्हणालीस. खरं म्हणजे तिला तू आठवत नाहीस. आठवावं तरी कशावरून? धनाजीने मागच्या माघात दुसरं लग्न केलं, त्याच्या आधी लग्नाचा अल्बम चुलीत घातला. बारशाच्या फोटोतून तुझा भाग कात्रीने काढला. आता त्या फोटोत पोर हवेत तरंगल्यासारखं दिसतं. ती मला विचारते, “आजी, मला कुणी धरलंय गं?”

धनाजी आणि त्याची नवी बायको साक्षी जत्रेला येतायत, आणि उन्हाळा संपला की पोरीला कोइमतूरला न्यायचं म्हणतात. तिथे तो सोनं गाळायच्या दुकानात आहे, आता स्वतःची खोली घेतलीय. शाळेतही तिकडेच घालणार. एकदा तिकडे गेली की तुझं नाव घेणारं तिच्याजवळ कोणी असणार नाही. साक्षी वाईट नाही गं, पण ती तुझं नाव का घेईल?

म्हणून तुझा एक फोटो पाठव. चांगला, मोठा. पोरगी जायच्या आत तिच्या डोळ्यांत तुझं तोंड बसवते, हे माझ्याकडे लागलं.

बनुबाई


उंब्रज
२१ एप्रिल २०२४

तीर्थरूप आत्या,

फोटो पाठवते आहे. अंगावरची पिवळी साडी दुकानातली आहे, मालकिणीने तेवढ्यापुरती नेसायला दिली. फोटोवाला सारखा म्हणत होता, “ताई, जरा हसा की.” मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, “कुणाला पाठवायचाय?” मी म्हटलं, लेकीला. मग आपोआप हसू आलं. ते हसू तिचं आहे, तिला सांगा.

तुम्ही पाठवलेले फोटो मी काठपदराच्या खोक्यांमागे ठेवलेत. जेवणाच्या सुट्टीत काढते आणि डबा खाता खाता बघते. झोपलेल्या फोटोत तिच्या पायाची नखं वाढलेली दिसतात. कापा बरं का.

तिला सांगा, ही तुझी आई आहे, उंब्रजला असते, तुझी रोज आठवण काढते. तुमच्या लेकाच्या हाती फोटो लागू देऊ नका, ते फाडतील. तेवढी एक भीती वाटते.

तुमची सारिका


आटपाडी
२९ एप्रिल २०२४

सारिका,

फोटो झकास आहे. नखं कापली.

धनाजी-साक्षी आले आणि माझी पंचाईत झाली. पेटीत ठेवावा तर साक्षी आवराआवर करते, देव्हाऱ्यात ठेवावा तर धनाजी रोज अंघोळ करून तिथेच उभा राहतो. मग डोकं चाललं. मोहसीनकडून फ्रेम करून आणली आणि मधल्या सोप्यात भिंतीवर लावली, तुझे मामंजी, माझ्या सासूबाई आणि फौजेत गेलेले कोंडीबा भावजी यांच्या शेजारी. एक खिळा रिकामा होता. त्या भिंतीला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. पोरं चेंडूसुद्धा तिकडे मारत नाहीत.

धनाजीने बघितलं आणि लालबुंद झाला. “आये, जित्या माणसाचा फोटू तितं लावत्यात व्हय?”

मी म्हटलं, “माझ्या घरात लावत्यात. हात लावून बघ.”

त्याने हात वर केला आणि बापाच्या फोटोकडे बघून खाली घेतला. मग म्हणाला, “ऱ्हाऊ दे. माझ्या लेखी ती मेलीच हाय.” आणि बाहेर गेला. पोरगी तिथेच खेळत होती, तिच्यादेखत बापाची कशी जिरली! मला चार माणसांत सांगावंसं वाटलं, पण सांगू कोणाला?

आता रोज सकाळी तिला तिथे उभी करते आणि विचारते, ही कोण? “आई,” म्हणते. बघ फोटो. अंगठा येऊ दिला नाही यावेळी.

बनुबाई


उंब्रज
४ मे २०२४

तीर्थरूप आत्या,

किती वेळा बघितला हा फोटो ते विचारू नका. माझ्या फोटोखाली ती उभी आहे, डोकं जेमतेम खुंटीपर्यंत पोचतंय, आणि हात जोडलेत तिने! तुम्ही शिकवलंत ना? मी कोण, कुठली, सही करून आलेली बाई, आणि माझी लेक मला नमस्कार करते. मालकिणीला दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही. त्या म्हणाल्या, “लय संस्कार हाईत गं पोरीवर.”

तुमचे उपकार मी कशाने फेडू? आता ती कोइमतूरला गेली तरी मला तितकी भीती नाही. तोंड ओळखीचं झालं म्हणजे पुढे कधीतरी शोधत येईल. मुली मोठ्या झाल्या की येतात.

आता आणखी एक हाव सुटली आहे, रागावू नका. माझा तिच्याबरोबर एकही फोटो नाही. होता तो कात्रीत गेला. जायच्या आधी एकदा मोहसीनभाऊंच्या स्टुडिओत तिला आणाल? मी येईन, एक फोटो काढीन आणि पुढच्या गाडीने परत जाईन. भेटणार नाही असं लिहून दिलंय हे मला कळतं. तरी विचारते.

तुमची सारिका


आटपाडी
१२ मे २०२४

सारिका,

हे पत्र बसून वाच.

परवा आखिती झाली. पितरांना आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवायचा म्हणून मी भिंतीवरचे फोटो पुसले, फुलं वाहिली, तुझ्या फोटोला सोडून. पानं वाढली. धनाजी, साक्षी, गल्लीतल्या रंगूबाई, सगळे होतो. ईश्वरी पानं मोजत होती आणि म्हणाली, “आजी, माझ्या आईचं पान न्हाई वाढलंस?”

मी म्हटलं, बाळा, तिला पान वाढायचं नसतं. तर म्हणते, “का? आजोबास्नी वाढलं, कोंडीबा आजोबास्नी वाढलं. माझी आई बी मेलीया न्हवं?”

तिने स्वतःच्या ताटातली पोळी उचलली, आमरसात बुडवली आणि गच्चीवर जाऊन ठेवली. कावळा शिवला, तशी टाळ्या पिटत खाली आली. “आई जेवली, आई जेवली.” साक्षी पदर तोंडाला लावून आत गेली. धनाजी हात धुऊन उठला.

ती हात जोडते ते मी शिकवलेलं नव्हतं गं. त्या भिंतीसमोर जोडायचे असतात हे ती बघून शिकली. मी म्हातारी, साठी उलटलेली, मला एवढं कळू नये? फोटो फाटू नये एवढंच बघितलं. तुला जपायला गेले आणि पितरांत नेऊन बसवलं.

अजून तिला काही सांगितलेलं नाही. काय करू ते लिही.

बनुबाई


उंब्रज
१६ मे २०२४

तीर्थरूप आत्या,

तुमचा काही दोष नाही.

मी येते. सोमवारी दुकान बंद असतं, २० तारखेला दुपारपर्यंत पोचते. तुम्ही तिला काहीच सांगू नका. मी समोर उभी राहिले, तिला हात लावला, की आई जिवंत आहे हे तिला आपोआप कळेल. लहान आहे, आनंदाने नाचेल. मग मोहसीनभाऊ आमचा फोटो काढतील आणि तो तुम्ही त्या भिंतीवर नको, दुसऱ्या भिंतीवर लावा.

तिच्यासाठी फ्रॉक घेतलाय. अंगाला होईल की नाही कोण जाणे, फोटोवरून माप कळत नाही.

तुमची सारिका


उंब्रज
२१ मे २०२४

तीर्थरूप आत्या,

तुम्ही बाहेर पायरीवर राखण करत बसला होता, म्हणून आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. एष्टीत बसताना तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तोंड फिरवलं.

ती मोहसीनभाऊंच्या स्टुलावर बसली होती. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तू भिंतीवरची?” मी म्हटलं, हो, मी तुझी आई. तिने माझा हात धरून बघितला, बांगड्या मागेपुढे केल्या. “तू मेली न्हाईस?” मी म्हटलं, नाही गं माझे बाई. ती हसली, आत्या. माझ्या गळ्यात हात टाकले. मोहसीनभाऊ कॅमेरा घेऊन पुढे आले.

मग ती म्हणाली, “मग हुतीस कुठं?”

“उंब्रजला.”

“लय लांब हाय?”

“न्हाई.”

“एष्टी येती?”

“येती की.”

तिने गळ्यातले हात काढून घेतले. “मग आली का न्हाईस?”

पाच वर्षांचं पोर. तिला मी काय सांगू? बैठक सांगू, सही सांगू, भाऊ सांगू? मी तोंड उघडलं आणि रडायला लागले. ती स्टुलावरून उतरली आणि पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. मोहसीनभाऊंनी किती बोलावलं, वळली नाही. फ्रॉक घेतला नाही. फोटो झाला नाही.

ती कशी आहे ते लवकर कळवा.

सारिका


आटपाडी
२५ मे २०२४

सारिका,

तुला दुखवायला नको म्हणून दोन ओळींत भागवणार होते, पण तू लपवाछपवीची माणूस नाहीस आणि मीही नाही.

पोरगी जेवत नाही. बळेच घातलेला घास गालात धरून बसते. रात्री अंथरूण ओलं करते, इतकी वर्षं कधी केलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एष्टीचा आवाज आला की दारात जाते आणि गाडी गेली की परत येऊन बसते. काल मला विचारलं, “आजी, म्या आईला लय तरास दिल्ता का?” मी नाही म्हटलं. “मग म्या तिला आवडत न्हाई व्हय?” मी नाही नाही म्हणत राहिले, पण तिच्या ‘का’ला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे नव्हतं, माझ्याकडे कुठून येणार?

आज तिने भिंतीवरचा तुझा फोटो काढायला लावला. “ती मेली न्हाई, तितं कशाला?” म्हणून पाय आपटले. मी खाली घेतला तर तिने तो धान्याच्या पिंपामागे नेऊन टाकला, तोंड भिंतीकडे करून. आखितीला त्याच फोटोला स्वतःचा घास देणारी पोर ती.

धनाजीला वाटतं ऊन लागलं. साक्षी मात्र माझ्याकडे बघते, तिला कळलं असावं. एक तारखेला निघायचं ठरलंय. पोर अशीच गेली तर तिकडे तिचं काय होईल या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. फोटो काढायला फोन उचलते आणि ठेवून देते. हे काय टिपून ठेवायचं?

बनुबाई


उंब्रज
२८ मे २०२४

तीर्थरूप आत्या,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचेल की नाही सांगता येत नाही, म्हणून आटपाडीला साड्या घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याबरोबर मोहसीनभाऊंकडे धाडते आहे.

तिला सांगा, स्टुडिओत आलेली बाई तिची आई नव्हती. आईसारखी दिसणारी कोणी लांबची पाहुणी होती, तिने उगाच थट्टा केली, आजीने तिला चांगलं झापलं. आई खरंच मेली आहे. फोटो पिंपामागून काढा, पुसा, आणि होता तिथे लावा. तुमच्या हाताने फूल वाहा, म्हणजे तिला पटेल.

मेलेली आई येत नाही, म्हणून तिच्यावर कोणी रुसत नाही. मी जिवंत राहिले तर ती जन्मभर विचारत राहील की मी आले का नाही, आणि खरं उत्तर कळेल तेव्हा तर माझं तोंडही बघणार नाही. मी खूप विचार केला. दुसरं काही सुचत नाही. सही केली त्या दिवशीच हे झालं होतं, कळायला इतके दिवस गेले.

यापुढे मला फोटो पाठवू नका. आले तर मी पुन्हा गाडीत बसेन. माझा मला भरवसा नाही.

सारिका


आटपाडी
४ जून २०२४

सारिका,

फोटो पाठवत नाही, पण एवढं कळवायला पाहिजे.

तू लिहिलंस तसं सांगितलं. पोरीने शांतपणे ऐकलं. पाहुणीला मी झापलं का, हे दोनदा विचारलं. मग स्वतः पिंपामागे गेली, फोटो काढला आणि फ्रॉकच्या घेराने काच पुसली. मी भिंतीवर लावून फूल वाहिलं. देव मला क्षमा करणार नाही. त्या रात्री ती दोन भाकरी जेवली आणि माझा पदर धरून सकाळपर्यंत झोपली. अंथरूण कोरडं होतं.

निघायच्या दिवशी फोटो बरोबर पाहिजे म्हणून हटून बसली. मला वाटलं धनाजी कडाडेल, पण तो म्हणाला, “घिऊ दे. मेलेल्या माणसाशी कसलं वैर?” साक्षीनेच तो स्वतःच्या लग्नाच्या शालूत गुंडाळला, काच फुटू नये म्हणून. जिवंतपणी तुला त्या घरात खिळ्याएवढी जागा कोणी देत नव्हतं. आता कोइमतूरला तुझ्यासाठी भिंत आहे.

गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, “आजी, आई कशानं मेली?”

मी म्हटलं, “तापानं.” तुला विचारून सांगायला पाहिजे होतं, पण गाडी सुरू झाली होती.

बनुबाई